तुतानखामनच्या भिंतीआड खरंच कुणी आहे का?

प्राचीन इजिप्तचा राजा तुतानखामन याची कबर जगात सर्वांत प्रसिद्ध आहे, पण राजाची कबर म्हणून ती फार लहान आहे. सोळा पायऱ्या, एक उतरता बोळ आणि चार खोल्या, एवढाच तिचा पसारा. एकूण क्षेत्रफळ सुमारे ११० चौरस मीटर. लक्सरजवळच्या राजांच्या दरीतच सेती पहिला या फॅरोची कबर डोंगरात १३० मीटरपेक्षा जास्त आत गेलेली आहे. तिच्यापुढे तुतानखामनची कबर एखाद्या दरबारी अधिकाऱ्याची वाटावी अशी आहे.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं : तुतानखामन अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, इसवी सनापूर्वी १३२३ च्या सुमारास अचानक गेला. त्याची स्वतःची कबर तयार नव्हती, म्हणून दुसऱ्या कुणासाठी खोदलेली जागा घाईघाईनं त्याला देण्यात आली. घाईच्या खुणा आजही दिसतात. दफनकक्षाच्या भिंतींवर तपकिरी ठिपके आहेत. ते सूक्ष्मजीवांमुळे पडले, आणि खोली बंद करताना गिलावा आणि रंग पुरते वाळले नसावेत, असं मानलं जातं.

ही जागा दुसऱ्या कुणासाठी खोदलेली होती, इथपर्यंत फारसा वाद नाही. ती कुणासाठी होती, आणि ती व्यक्ती अजूनही आतच असेल का, इथून वाद सुरू होतो. २०१५ पासून जगभरचे इजिप्तशास्त्रज्ञ, भूभौतिकशास्त्रज्ञ आणि इजिप्तचे दोन पुरातत्त्वमंत्री या प्रश्नात गुंतले. त्याचा उलगडा कसा होत गेला ते नीट समजून घेण्यासारखं आहे. भिंतीला हात न लावता भिंतीमागचं कसं कळतं, आणि कळलं असं वाटूनही ते चूक कसं ठरू शकतं, हे दोन्ही त्यात दिसतं.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांना ही कबर ४ नोव्हेंबर १९२२ रोजी सापडली. आतून पाच हजारांवर वस्तू निघाल्या आणि त्या नोंदवून बाहेर काढायला सुमारे दहा वर्षं लागली. पायऱ्या उतरून बोळातून पुढे गेलं की बाहेरची खोली लागते. तिच्यातून उजवीकडे वळलं की दफनकक्ष. तो साधारण सहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे, आणि चित्रं फक्त याच खोलीत आहेत. बाहेरची खोली आणि दफनकक्ष यांच्यामधला दरवाजा बंद करून वर गिलावा केलेला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या रंगाचे दोन रक्षक पुतळे उभे होते. दफनकक्षाच्या चारही भिंतींत लहान कोनाडे होते. त्यांत राजाच्या रक्षणासाठी मंतरलेल्या विटा आणि मूर्ती ठेवून वरून गिलावा आणि रंग दिलेला होता. थोडक्यात, या कबरीत गिलाव्याआड काहीतरी लपवलेलं असणं नवं नाही. भिंतीआड आणखी एक दफन असल्याची निकोलस रीव्ह्ज यांची कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा अनेकांना ती अशक्य का वाटली नाही, ते यावरून कळतं.

रीव्ह्ज हे ब्रिटिश इजिप्तशास्त्रज्ञ. माद्रिदच्या फॅक्टम आर्ते या संस्थेनं तुतानखामनच्या कबरीची हुबेहूब प्रतिकृती करण्यासाठी भिंतींचं अतिशय बारीक त्रिमितीय स्कॅनिंग केलं होतं. पर्यटकांच्या श्वासामुळे आणि घामामुळे मूळ चित्रांचं नुकसान होतं, ते टळावं म्हणून ही प्रतिकृती २०१४ मध्ये लक्सरला कार्टर यांच्या जुन्या घराशेजारी उभी राहिली. ते स्कॅन इंटरनेटवर सर्वांना खुले होते. त्यांत रंग बाजूला काढून नुसता भिंतीचा पृष्ठभाग बघता येत होता. रीव्ह्ज यांना त्या पृष्ठभागावर सरळ, उभ्या रेषा दिसल्या. पश्चिमेच्या भिंतीवर लहान दरवाजाच्या आकाराच्या, आणि उत्तरेच्या भिंतीवर त्याहून मोठ्या उघडीच्या. उत्तरेची एक रेषा तर बाहेरच्या खोलीच्या पश्चिम भिंतीच्या बरोबर सरळीत येत होती. २०१५ च्या उन्हाळ्यात त्यांनी निबंध प्रसिद्ध केला आणि मांडलं की बाहेरची खोली हा मुळात एक रुंद बोळ होता, तो उत्तर भिंतीतून पुढे जातो, आणि त्याच्या टोकाला राणी नेफरतितीचं दफन अजून शाबूत आहे.

नेफरतिती ही फॅरो अखेनातेनची पट्टराणी. तिचा रंगीत अर्धपुतळा १९१२ मध्ये अमार्नाला, म्हणजे अखेनातेनच्या राजधानीच्या जागी, सापडला आणि आज बर्लिनला आहे. अखेनातेननं जुन्या देवांना बाजूला सारून आतेन या सूर्यबिंबाचीच पूजा सुरू केली. त्याच्यानंतर नेफरनेफरुआतेन नावाची एक स्त्री थोडा काळ गादीवर होती. ती नेफरतितीच, असं रीव्ह्ज आणि इतर काही अभ्यासक मानतात. तुतानखामन आला तो या सगळ्या उलथापालथीनंतर.

माझ्या मते रीव्ह्ज यांच्या मांडणीत दोन वेगळे दावे आहेत, आणि बातम्यांनी ते एकत्र करून टाकले. पहिला दावा असा की तुतानखामनच्या दफनासाठी दुसऱ्या कुणाचं तरी सामान वापरलं. दुसरा दावा असा की ते दुसरं कुणीतरी आजही भिंतीआड आहे.

पहिल्या दाव्याला चांगला आधार आहे. तुतानखामनची आतडी, फुप्फुसं वगैरे अवयव ज्या चार छोट्या सोन्याच्या शवपेट्यांत ठेवले होते, त्यांच्यावरचं मूळ नाव बदलून त्याचं नाव घातलेलं आहे, आणि ते मूळ नाव नेफरनेफरुआतेन या आधीच्या राज्यकर्तीचं आहे. जगप्रसिद्ध सोनेरी मुखवट्यावरही नाव बदलल्याच्या खुणा आहेत, असं रीव्ह्ज यांचं म्हणणं. मुखवट्याचे कानही टोचलेले आहेत, आणि तो मुळात राणीसाठी केला होता याची ती खूण आहे, असं ते मानतात. कबरीचा आराखडाही तसाच सांगतो : आत येऊन उजवीकडे वळणं ही त्या काळच्या राण्यांच्या कबरींची पद्धत होती, राजांची नव्हे, असा त्यांचा मुद्दा आहे.

चित्रांबद्दलचा मुद्दा जास्त नाजूक आहे, आणि मला तो सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. उत्तर भिंतीच्या उजव्या टोकाला एक दृश्य आहे : बिबट्याचं कातडं पांघरलेला आणि निळा मुकुट घातलेला पुरुष ममीरूपातल्या राजासमोर 'मुख उघडण्याचा' विधी करतो आहे. मेलेल्या माणसाला परलोकात बोलता, खाता, श्वास घेता यावा म्हणून हा विधी गादीचा वारस करत असे. शेजारच्या नावांप्रमाणे विधी करणारा आय आहे, म्हणजे तुतानखामननंतर गादीवर बसलेला वृद्ध अधिकारी, आणि समोरची ममी तुतानखामनची. रीव्ह्ज म्हणतात, त्या 'आय'चा चेहरा म्हाताऱ्या माणसाचा नाही, भरलेल्या गालांच्या कोवळ्या मुलाचा आहे. समोरच्या ममीच्या ओठांच्या कडेला जी खालची रेघ आहे ती नेफरतितीच्या चेहऱ्यांवर दिसते. म्हणून मूळ चित्रात तुतानखामन नेफरतितीचा विधी करत होता आणि नंतर नावं बदलली गेली. २०२२ मध्ये त्यांनी याला आणखी एक दावा जोडला : आयच्या नावाच्या खाली तुतानखामनच्या नावाच्या खुणा दिसतात.

आता चेहऱ्यांवरून ओळख पटवणं किती भरवशाचं, हा प्रश्न रास्तच आहे. अमार्ना काळातले चित्रकार राजघराण्यातले चेहरे एका ठरावीक साच्यात काढत. त्यामुळे एका रेघेवरून नाव सांगणं अवघड आहे, आणि अनेक अभ्यासकांनी तसं म्हटलं. पण चित्र पुनर्वापराचं आहे असं धरलं तरी त्यातून एवढंच सिद्ध होईल की भिंत आधी दुसऱ्यासाठी रंगवली होती. ते दुसरं दफन भिंतीमागं आजही आहे, हे त्यातून आपोआप निघत नाही.

ज्येष्ठ इजिप्शियन पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी या कल्पनेला पहिल्यापासून विरोध केला. आतेनची भक्त असलेल्या नेफरतितीला जुन्या देवांपैकी आमुनचे पुजारी राजांच्या दरीत पुरूच देणार नाहीत, हा त्यांचा एक मुद्दा होता. तो मला तितका पक्का वाटत नाही. तुतानखामनच्या कबरीपासून थोड्या अंतरावरच केव्ही-५५ ही कबर आहे (केव्ही म्हणजे 'किंग्ज व्हॅली', पुढे कबरीचा क्रमांक), आणि तिच्यात सापडलेला माणूस तुतानखामनचा बाप असल्याचं २०१० च्या डीएनए तपासणीत दिसलं. म्हणजे अमार्नाच्या राजघराण्यातली माणसं याच दरीत आणून ठेवलेली आहेत. मात्र त्याच तपासणीनं दुसरीही एक शक्यता पुढे आणली. केव्ही-३५ मध्ये १८९८ साली सापडलेली 'तरुण स्त्री' म्हणून ओळखली जाणारी ममी तुतानखामनची आई आहे आणि केव्ही-५५ मधल्या माणसाची सख्खी बहीण आहे. तीच नेफरतिती, असं काही अभ्यासक म्हणतात. तसं असेल तर भिंतीमागं तिला शोधायचं कारणच उरत नाही.

दरीतला आणखी एक दाखला रीव्ह्ज यांच्या बाजूनं होता. होरेमहेब या फॅरोच्या कबरीत विहिरीसारख्या खोल खड्ड्याच्या खोलीतली समोरची भिंत गिलावा करून रंगवलेली होती, आणि पुढचा रस्ता तिच्यामागं दडवलेला होता. प्राचीन चोरांनी ती फोडली. म्हणजे चित्राआड वाट दडवायची युक्ती त्या काळच्या कारागिरांना माहीत होती. या सगळ्यामुळे, गृहीतक तपासून पाहण्याइतकं दमदार होतं, असं मी म्हणेन. ते तपासणं चुकीचं नव्हतं. चूक झाली ती तपासणीचा निकाल पक्का होण्याआधी जाहीर करण्यात.

तपासणी रडारनं होते. माठ विकत घेताना आपण त्यावर टिचकी मारून आवाज ऐकतो, त्यासारखंच हे आहे, फक्त इथं टिचकी रेडिओ लहरीची असते. भिंतीला टेकवलेलं उपकरण आत लहरी सोडतं. एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात जाताना लहरीचा काही भाग मागे फिरतो, आणि परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढता येतं. चुनखडीच्या खडकात ही लहर एका नॅनोसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाला, साधारण १० सेंटीमीटर जाते, तर हवेत ३० सेंटीमीटर. खडक आणि हवा यांच्यात एवढा फरक असल्यामुळे पोकळीच्या कडेवरून जोरदार प्रतिध्वनी यायला हवा. शिवाय पोकळीला दोन बाजू असतात. खडकातून हवेत शिरताना एक प्रतिध्वनी, आणि हवेतून पलीकडच्या खडकावर आपटताना दुसरा. लहरींची वारंवारता जितकी जास्त तितकं चित्र बारीक, पण तितकी खोली कमी. म्हणून चांगली तपासणी एकापेक्षा जास्त वारंवारतांवर करतात आणि एकाच जागी वेगवेगळ्या यंत्रांचं म्हणणं जुळतं का ते बघतात.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण राजांच्या दरीतला खडक भेगांनी भरलेला आहे आणि त्यात गारगोटीचे गोळे आहेत. प्रत्येक भेग काहीतरी प्रतिध्वनी देते. शिवाय उपकरणाची थोडी लहर मागे, खोलीच्या हवेतही सुटते. उत्तर भिंतीला टेकवलेल्या उपकरणाची अशी लहर चार मीटर मागच्या दक्षिण भिंतीवर आपटून परत येईल, म्हणजे हवेतून आठ मीटर प्रवास करेल. त्याला सुमारे २७ नॅनोसेकंद लागतील. यंत्राला हे माहीत नसतं. ते खडकाचा वेग धरून हिशोब करतं आणि सांगतं की भिंतीआड साधारण १.३ मीटरवर काहीतरी आहे. प्रत्यक्षात ते 'काहीतरी' म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत असते. म्हणून रडारच्या पडद्यावरची आकृती हा पुरावा असला तरी ती वाचणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि दोन तज्ज्ञांनी ती स्वतंत्रपणे वाचली तरच तिच्यावर विसंबता येतं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये आधी उष्णतेच्या कॅमेऱ्यांनी भिंती पाहिल्या गेल्या आणि उत्तर भिंतीच्या काही भागाचं तापमान वेगळं दिसलं. याला फार वजन देता येत नाही. गिलाव्याची जाडी, ओल, किंवा नुकतेच सुरू केलेले दिवे यांनीही तसा फरक पडतो. त्याच महिन्यात जपानी रडारतज्ज्ञ हिरोकात्सु वातानाबे यांनी रडार फिरवलं, आणि २८ नोव्हेंबरला तेव्हाचे पुरातत्त्वमंत्री ममदूह एलदमाती यांनी भिंतीमागं दालन असल्याची ९० टक्के खात्री असल्याचं सांगितलं. १७ मार्च २०१६ ला कैरोतल्या पत्रकार परिषदेत आणखी पुढचं जाहीर झालं : उत्तर आणि पश्चिम भिंतींमागं दोन पोकळ्या आहेत आणि त्यांत धातूच्या व सेंद्रिय वस्तू आहेत.

इथं अनेक रडारतज्ज्ञ थबकले. धातू रडारला ठळक दिसतो हे खरं, पण भिंतीआडची वस्तू लाकडाची आहे की कापडाची, सेंद्रिय आहे की आणखी कशाची, हे रडारवरून सांगता येत नाही. वातानाबे यांनी आपल्या यंत्रात स्वतः बदल केलेले होते, त्यामुळे त्याची नोंद बाहेरच्या माणसाला पडताळणंही कठीण होतं.

मार्च २०१६ च्या अखेरीला नॅशनल जिओग्राफिकच्या मदतीनं दुसरी तपासणी झाली. या वेळी नेहमीची, सर्वांना माहीत असलेली यंत्रं होती आणि निष्कर्ष इतर तज्ज्ञांकडूनही वाचून घेतला गेला. त्यांना पोकळीचा प्रतिध्वनी दिसला नाही. दोन तपासण्या एकमेकींच्या विरोधात गेल्या. एलदमाती यांच्या जागी तोवर खालेद अल-अनानी मंत्री झाले होते, आणि मे महिन्यात कैरोला सगळ्या बाजूंचे तज्ज्ञ एकत्र आले. पोकळीची पूर्ण खात्री होईपर्यंत भिंतीला छिद्र पाडणार नाही, अशी नव्या मंत्र्यांची भूमिका होती, आणि ती योग्यच होती. उत्तर भिंतीवरचं ते विधीचं चित्र जगात एकच आहे. शवपेट्यांभोवतीच्या सोनेरी मंडपांचे भाग बाहेर काढण्यासाठी कार्टर यांना रंगवलेल्या दक्षिण भिंतीचा काही भाग फोडावा लागला होता, आणि त्या चित्राचं झालेलं नुकसान आजही भरून निघालेलं नाही.

तिसरी तपासणी इटलीतल्या तुरीनच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या फ्रान्को पोर्चेल्ली यांच्या नेतृत्वाखाली २०१८ च्या सुरुवातीला झाली. तिची रचनाच अशी होती की नंतर शंकेला जागा राहू नये. तीन वेगवेगळ्या रडार यंत्रणा, १५० ते ३,००० मेगाहर्ट्झपर्यंतच्या वारंवारता, आणि भिंतींवर अतिशय दाट अंतरानं घेतलेल्या नोंदी. खडकातून हवेत शिरताना जसा जोरदार प्रतिध्वनी यायला हवा तसा कुठेही नव्हता. दरवाजाच्या चौकटीच्या उभ्या कडाही दिसल्या नाहीत. ६ मे २०१८ ला जाहीर झालं की तुतानखामनच्या कबरीला लागून दडवलेलं दालन किंवा बोळ नाही. पुढच्या वर्षी हे संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

खरंच दालन असतं तर ते कसं सापडलं असतं, याचं उदाहरण इजिप्तमध्येच आहे. गिझाच्या खुफूच्या पिरॅमिडमध्ये स्कॅनपिरॅमिड्स या प्रकल्पानं अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात तयार होणाऱ्या म्यूऑन या सूक्ष्म कणांनी दगड तपासले. घन दगडात जास्त म्यूऑन अडतात, पोकळीतून जास्त पार होतात. २०१७ मध्ये त्यांनी किमान ३० मीटर लांबीची एक मोठी पोकळी जाहीर केली. ती नेमकी काय आहे हे अजून उघड झालेलं नाही. पण उत्तर दर्शनी भागामागचा छोटा बोळ आधी म्यूऑनांनी दाखवला, मग रडार आणि अल्ट्रासाउंड या दोन वेगळ्या तंत्रांनी त्याच जागी दुजोरा दिला. त्यानंतर दगडांच्या सांध्यातून बारीक नळीचा कॅमेरा आत घातला गेला. मार्च २०२३ मध्ये जगानं ९ मीटर लांबीचा तो बोळ डोळ्यांनी पाहिला. तीन तंत्रं एकाच जागेवर बोट ठेवतात तेव्हा सांध्यातून कॅमेरा घालायला परवानगी मिळते. तुतानखामनच्या उत्तर भिंतीबाबत तीन रडार तपासण्यांपैकी दोन 'नाही' म्हणाल्या, आणि 'हो' म्हणणाऱ्या पहिल्या तपासणीला दुजोरा मिळाला नाही.

रीव्ह्ज यांनी मात्र आपलं मत बदललेलं नाही. चित्रांवरची नावं बदलली आहेत का, हा त्यांचा मुद्दा रडारच्या निकालानं खोटा ठरत नाही, कारण तो मुळात रडारचा प्रश्नच नाही. रंगाच्या थरांचा तो प्रश्न आहे. वेगवेगळ्या प्रकाशात आणि क्ष-किरणांनी रंगाचे थर भिंतीला हात न लावता तपासता येतात. आयच्या नावाखाली खरंच दुसरं नाव आहे का, हे असं तपासून इतर अभ्यासकांसमोर ठेवलं गेलं पाहिजे. तुतानखामनचं दफन कुणाच्या सामानावर झालं, याचं उत्तर तिथं मिळू शकतं, आणि त्यासाठी भिंतीमागं राणी असण्याची गरज नाही.

रडारचा निकाल कबरीला लागून असलेल्या जागेपुरता आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. एलदमाती मंत्रिपद सोडल्यावरही या शोधात राहिले. टेराव्हिजन या कंपनीबरोबर त्यांनी बाहेरून, डोंगराच्या पृष्ठभागावरून तपासणी केली. फेब्रुवारी २०२० मध्ये बातमी आली की दफनकक्षाच्या पूर्वेला काही मीटरवर, कबरीच्या प्रवेशाच्या बोळाला समांतर, बोळासारखी एक जागा दिसते आहे, सुमारे दोन मीटर उंच आणि किमान दहा मीटर लांब. ती तुतानखामनच्या कबरीशी जोडलेली असेलच असं नाही. शेजारची वेगळी कबर, निसर्गानं पडलेली मोठी भेग, किंवा काहीच नसणं, या सगळ्या शक्यता उरतात. याच दरीत २००५-०६ मध्ये ओटो शाडेन यांच्या पथकाला तुतानखामनच्या कबरीपासून थोड्याच अंतरावर केव्ही-६३ सापडली. तिच्यात शवपेट्या होत्या पण एकही ममी नव्हती, आणि तिथं तशी जागा आहे याचा कुणालाही आधी पत्ता नव्हता. म्हणून पूर्वेच्या या जागेचा शोध घ्यावा असं मला मनापासून वाटतं, पण आधी दुसऱ्या तंत्रानं दुजोरा मिळवून. ती जागा रंगवलेल्या उत्तर आणि पश्चिम भिंतींच्या बाजूला नाही. तिथं पोहोचायला बाहेरून, वरच्या मलब्यातून खोदता येईल.